समुद्रात अडकलेल्या कामगारांना वाचवतं कोण? 'पी-३०५'ची दुर्घटना आणि घरच्यांनी माहीत ठेवायच्या गोष्टी

आदिलाबाद : जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडचं मोठं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि तिच्या पुराचा अंदाज काठावरच्या माणसाला बरोबर असतो. पण पोटासाठी घर सोडणारा माणूस कुठल्या पाण्यावर जाऊन पोचेल याचा नेम नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून, त्यातही आता वेगळ्या झालेल्या निर्मलकडच्या गावांतून, आखाती देशांत जाणारे बरेच आहेत. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, हेल्पर अशा कामांवर गेलेला माणूस कधी कधी जमिनीवर नसतोच. तेलाच्या फलाटाशेजारी उभ्या असलेल्या बार्जवर त्याचा मुक्काम असतो. घरी मात्र एवढंच माहीत असतं की पोरगा 'मुंबईला कंपनीत' आहे, नाहीतर 'दुबईला' आहे.

मे २०२१ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या 'पी-३०५' या बार्जवर अशीच माणसं होती. निरनिराळ्या राज्यांतून कामाला आलेली, ठेकेदारामार्फत नेमलेली.

बार्ज म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेतलं पाहिजे. पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज होता. पाण्यावर तरंगणारं वसतिगृहच म्हणा ना. झोपायच्या खोल्या, मेस, सामानाची जागा सगळं होतं, पण स्वतःला चालवणारं इंजिन नव्हतं. एका जागी तो नांगरांवर उभा राहतो आणि दुसरीकडे न्यायचा तर टग बोट लावून ओढावा लागतो. म्हणजे वादळ डोक्यावर आल्यावर 'चला, बंदरात जाऊ' असं म्हणायची सोय नाही. निर्णय आधीच घ्यावा लागतो.

तौक्ते चक्रीवादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळाला होता आणि त्या भागातली बहुतेक जहाजं बंदरात परतली होती. ठेकेदार कंपनीने नंतर दिलेल्या निवेदनानुसार, पी-३०५ फलाटापासून सुमारे २०० मीटर दूर नेऊन तिथेच ठेवला गेला. वारा ठरावीक मर्यादेच्या वर जाणार नाही, असा अंदाज बांधला होता. तो चुकला. १७ मे रोजी नांगर सुटले, बार्ज वाहत जाऊन एका निर्मनुष्य फलाटावर आदळला, त्याला भोक पडून पाणी आत शिरलं आणि संध्याकाळी तो बुडाला. जागा होती हीरा तेलक्षेत्राजवळ, मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैल, म्हणजे ६५ किलोमीटर. आदिलाबादहून निर्मलला जायला याहून जास्त अंतर पडतं.

बार्जवर २६१ माणसं होती. त्यातली १८६ वाचली. 'वरप्रदा' नावाची टग बोटही त्याच वादळात बुडाली, तिच्यावरच्या १३ जणांपैकी दोघेच हाती लागले. दोन्ही मिळून ८६ जण गेले. बार्जचा कॅप्टनही परत आला नाही.

सुटका झाली कशी

मदतीची हाक मिळताच नौदलाची 'आयएनएस कोची' निघाली, पाठोपाठ 'आयएनएस कोलकाता' आणि इतर जहाजं. पण जहाज पोचलं म्हणजे माणूस वाचला, असं समुद्रात होत नाही. एवढ्या मोठ्या लाटांत जहाज जवळ आणलं तर लाट पोहणाऱ्याला जहाजाच्या पोलादी भिंतीवर आपटते. दूर ठेवलं तर फेकलेला दोर त्याच्या हाताला लागत नाही. कित्येक तास पाण्यात काढलेल्या माणसाच्या बोटांत दोर धरायचीही ताकद उरत नाही. वर रात्र आणि पाऊस. वादळाच्या ऐन जोरात हेलिकॉप्टर उडवता येत नाही, त्यामुळे पहिली रात्र जहाजांवरच भागवावी लागली. तरीही १८ तारखेच्या सकाळपर्यंत सव्वाशेवर माणसं वर घेतली गेली. चार दशकांतली ही सर्वांत अवघड शोधमोहीम असल्याचं नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

जे वाचले त्यांना मुख्यतः लाइफ जॅकेटनं वाचवलं. जॅकेटवरचा छोटा दिवा अंधारात दिसतो. माणसं एकमेकांना धरून घोळक्यानं राहिली तर वरून लवकर नजरेस पडतात, एकटा वाहत गेलेला सापडायला अवघड. बार्जवरचे अनेक तराफे फुटके होते, अशी तक्रार वाचलेल्यांनी नंतर केली. लाइफ जॅकेट हातात आहे पण बांधायचं कसं माहीत नाही, ही स्थितीही कामगारांत नवी नाही. कामावर चढल्याच्या पहिल्या दिवशी जॅकेट कुठे आहे आणि तराफ्यापर्यंत कुठल्या जिन्यानं जायचं, हे विचारून घ्यायला लाजू नये. फोरमन हसला तर हसू द्यावा.

त्याच वादळात 'गॅल कन्स्ट्रक्टर' हा दुसरा बार्जही वाहत गेला. तो किनाऱ्याजवळ रुतला आणि त्यावरचे सगळे १३७ जण सुखरूप बाहेर काढता आले. बातम्यांत त्याचं नाव पुढे फारसं आलं नाही.

कायदा काय सांगतो

समुद्रात संकटात असलेल्या माणसाला वाचवणं हे उपकार नाहीत, बंधन आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारातलं कलम ९८ प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर ही जबाबदारी टाकतं. स्वतःच्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर मदतीला गेलंच पाहिजे. १९७९ च्या शोध आणि बचाव करारानं जगातला समुद्र देशादेशांत वाटून दिला आहे. भारताच्या वाट्याला सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर येतो, देशाच्या जमिनीपेक्षा जास्त. हे काम तटरक्षक दलाकडे आहे आणि त्याची मुख्य समन्वय केंद्रं मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरला आहेत. बुडणारा माणूस कुठल्या देशाचा, कागदपत्रं आहेत की नाहीत, हे वाचवताना विचारायचं नसतं.

खरी अडचण येते ती वाचवल्यानंतर, उतरवायचं कुठे या प्रश्नावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून निघालेली रोहिंग्यांची एक बोट इंजिन बंद पडून अंदमानच्या समुद्रात भरकटली. तटरक्षक दलाची जहाजं पोचली तेव्हा ८१ जण जिवंत होते, आठ जण मरण पावले होते. भारतानं अन्नपाणी, औषधं दिली. बांगलादेशाने त्यांना परत घ्यायला नकार दिला. ही माणसं जूनमध्ये इंडोनेशियाच्या आचे किनाऱ्याला लागली, निघाल्यापासून जवळपास चार महिन्यांनी. भूमध्य समुद्रातही असंच चालू आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ ३६० हून जास्त स्थलांतरित बुडाले, तेव्हा इटलीनं 'मारे नोस्त्रुम' ही नौदल मोहीम काढली. वर्षभरात ती खर्चाच्या आणि राजकारणाच्या वादात बंदही झाली.

पी-३०५ वरच्यांकडे गेटपास होते, घर होतं, उतरवायला मुंबई होती. तरी घरच्यांची धावपळ चुकली नाही. मृतदेह थेट रायगड आणि गुजरातच्या वलसाड किनाऱ्याला लागले. कित्येकांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए तपासणीनं ओळख पटवावी लागली.

घरी काय लिहून ठेवावं

जाणाऱ्याने निघण्याआधी, आणि काम बदललं की पुन्हा, चार गोष्टी घरी कळवाव्यात : बार्जचं किंवा जहाजाचं नाव, मुख्य कंपनी कोणती, आपल्याला नेमणारा ठेकेदार कोण, आणि सोबत असलेल्या एकाचा तरी नंबर. ठेकेदार बहुधा दोन-तीन पायऱ्यांवर असतो. मुख्य कंपनीच्या यादीत नाव सापडत नाही ते याचमुळे. गेटपासचा आणि नेमणूक पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर घरी टाकून ठेवला तर दाव्याच्या वेळीही तो उपयोगी पडतो.

देशाच्या किनाऱ्यालगत संकट असेल तर तटरक्षक दलाचा टोल-फ्री क्रमांक १५५४ आहे. परदेशात असेल तर त्या देशातला भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर, म्हणजे ईसीआरवर, आखातात कामाला जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास तिचं संरक्षण १० लाख रुपयांचं आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला मात्र यातलं काही मिळत नाही. एजंट हे आधी सांगत नाही. पॉलिसीची प्रत जाणाऱ्याच्या बॅगेत असते, ती घरच्या पेटीतही हवी.