एमजीएफचं गॅस्केट

सेकंडहँड गाडी विकणारा माणूस गाडीचा आजार स्वतःहून सांगत नाही. मला एकच असा भेटला. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला एका गल्लीत त्यांची गडद हिरवी एमजीएफ उभी होती. 1998 ची, दोन सीटची, कापडी छताची. मालक सत्तरीचे, एकेकाळी लाँगब्रिजच्या कारखान्यात कामाला. चावी देण्याआधी त्यांनी माझ्या हातात काडेपेटी ठेवली. आत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या नळ्या होत्या. "हेड गॅस्केट बदललं तेव्हा काढल्या. आता स्टीलच्या आहेत," ते म्हणाले.

किंमत 1,800 पौंड. तशाच वयाची, तशाच चालीची जपानी गाडी एवढ्यात मिळत नव्हती. एमजीएफ स्वस्त का, हे ब्रिटनमधला कुठलाही गॅरेजवाला दोन शब्दांत सांगेल: हेड गॅस्केट. पुण्याला फोन केला तेव्हा बाबांनी आधी विचारलं, "आम्ही तिकडे आलो की बसायचं कुठे?" मग गॅस्केटचं ऐकून म्हणाले, "उडणारच आहे हे माहीत असताना कुणी घेतं का?"

त्या रात्रीपासून मी तीन आठवडे वाचत बसले. गाडी घ्यायची की नाही हा प्रश्न होताच, पण मला कळेना की इतक्या इंजिनिअरांनी मिळून केलेली एक छान वस्तू नेमकी एका पत्र्याच्या चकतीपाशी का हरली.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डचं दुकान, 1920 च्या दशकातलं. पुढे ॲबिंग्डनला कारखाना झाला आणि 1962 साली आलेल्या एमजीबीच्या 5 लाखांहून जास्त गाड्या तिथून निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. 1980 मध्ये ॲबिंग्डन बंद पडलं. उघड्या छताच्या स्वस्त गाडीचा जमाना संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. 1989 साली माझदाने एमएक्स-5 आणली आणि गिऱ्हाईक कुठेच गेलं नव्हतं हे दिसलं.

रोव्हरकडे तेव्हा नाव होतं, पैसा नव्हता. म्हणून एमजीएफ ही जुगाडातून जन्मली, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. मेट्रो नावाच्या छोट्या घरगुती गाडीचे पुढचे-मागचे सांगाडे घेतले. पुढच्या चाकांना ताकद देणारं इंजिन-गिअरबॉक्स जसंच्या तसं उचलून सीटच्या मागे ठेवलं. बॉडी कॉव्हेंट्रीच्या मेफ्लॉवर कंपनीकडून करून घेतली. ॲलेक्स मोल्टनचं हायड्रागॅस सस्पेन्शनही मेट्रोचंच. मार्च 1995 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात गाडी आली तेव्हा रोव्हरची मालकी बीएमडब्ल्यूकडे जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गाडी मात्र आधीच्या कडकीतली.

आता इंजिन. के-सिरीज हे 1989 मध्ये आलं तेव्हा खरोखर पुढचं काम होतं. सगळं ॲल्युमिनियमचं, हलकं. हेड, ब्लॉक, खालची शिडी असे थर एकावर एक रचलेले आणि वरपासून तळापर्यंत जाणारे दहा लांब बोल्ट सगळ्यांना आवळून धरतात. डब्याचे कप्पे आणि मधली सळई डोळ्यांसमोर आणा. पाणीही मुद्दाम थोडंच ठेवलं, म्हणजे इंजिन लवकर तापेल, पेट्रोल कमी लागेल. 1.4 लिटरपर्यंत हा हिशोब चोख बसत होता.

पण मोठ्या गाड्यांना मोठं इंजिन हवं होतं आणि नवं करायला पैसे नव्हते. मग त्याच ब्लॉकमध्ये सिलिंडर 75 मिलिमीटरवरून 80 चे केले, पिस्टनची धाव 79 वरून 89.3 झाली, आणि 1.4 चं 1.8 लिटर झालं. बाहेरून लांबी तीच. म्हणजे दोन सिलिंडरमधली जागा 5 मिलिमीटरने आकसली, आणि गॅस्केटला टेकायची जागाही तेवढीच. आमच्या धंद्यात हे रोज होतं. शंभर लोकांसाठी लिहिलेल्या सिस्टिमवर हजार लोक बसवायचे आणि चाललं की टाळ्या. चालतंही.

एमजीएफमध्ये त्यात आणखी एक भर पडली. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधे गाडीच्या पोटाखालून जाणारे लांब पाइप. इंजिन तापतं, थर्मोस्टॅट उघडतो आणि इतका वेळ थंड पडून राहिलेलं पाणी एकदम गरम इंजिनात शिरतं. धातू आकसतो, पुन्हा फुगतो. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर केसभर सरकतात. दोघांना जागेवर धरणाऱ्या त्या दोन नळ्या प्लॅस्टिकच्या. मधल्या गॅस्केटवरची रबरी रेघ झिजत जाते आणि एक दिवस ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसतो.

तरी मला वाटतं सगळं खापर गॅस्केटवर फोडणं हा आळशीपणा आहे. बरीच इंजिनं मेली ती आधी पाणी गळाल्यामुळे. पोटाखालचे लोखंडी पाइप गंजतात, इनटेक मॅनिफोल्डचं सील झिरपतं. पाणी मुळात कमी, त्यातलं थोडं गेलं तरी फरक पडतो. आणि मालकाला कळत नाही, कारण इंजिन डोळ्यांसमोर नसतंच. ते बघायला छत मागे ढकलून, स्क्रू काढून पत्रा उचलावा लागतो. पाण्याची पातळी घसरली हे सांगणारा दिवासुद्धा कंपनीने दिला नव्हता. पुढे बाहेरच्या लोकांनी तसे अलार्म बनवून विकले. गॅस्केटही सुधारलं, अनेक थरांचं पोलादी आलं, सोबत जास्त भक्कम तळशिडी. हे सगळं झालं, पण उशिरा, आणि तोवर नाव गेलं होतं ते गेलंच.

कंपनीचंही तेच. 2000 साली बीएमडब्ल्यूने रोव्हर एका गटाला 10 पौंडांना देऊन टाकली. आकडा बरोबर वाचलात. नव्या मालकांकडे नवी गाडी काढायला भांडवल नव्हतं. 2002 मध्ये एमजीएफला साध्या स्प्रिंगा लावून टीएफ केली. छोटी गाडी हवी होती, ती मात्र बाहेरून आणावी लागली.

ती आली पुण्यातून. 2003 मध्ये टाटा इंडिका पिंपरी-चिंचवडमध्ये बनून, सिटीरोव्हरचा बॅज लावून ब्रिटनमध्ये विकायला आली. तिकडच्या परीक्षकांनी झोडपली. आतला कमी दर्जाचा प्लॅस्टिकचा सामान आणि त्या मानाने लावलेली किंमत, ही मुख्य तक्रार. बाबा तेव्हा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये होते आणि तिथले पत्र्याचे काही भाग इंडिकाला लागत. मी फोनवर हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "आम्ही पेढे वाटले होते गं. आपला माल विलायतेला चाललाय म्हणून." पुढे थोडं थांबून, "किंमत आम्ही नव्हती लावली."

एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर बुडाली. लाँगब्रिजच्या सुमारे 6,000 लोकांची नोकरी गेली, सिटीरोव्हरही संपली. यंत्रसामग्री चीनच्या नानजिंग कंपनीने घेतली, पुढे नानजिंग सायकमध्ये विलीन झाली. आज पुण्यात दिसणारी एमजी हेक्टर त्याच सायकच्या घरातली. टीएफ 2008 मध्ये लाँगब्रिजला पुन्हा थोडी बनली आणि 2011 ला कायमची थांबली.

मी लाँगब्रिजला जाऊन आले. जिथे शेड होत्या तिथे बऱ्याच भागात आता सुपरमार्केट, कॉलेज, नवी घरं आहेत. मालक म्हणाले होते, त्यांच्या लाइनवरच्या जागेत आता पार्किंग आहे. हे सांगताना त्यांना वाईट वाटलं की नाही, मला ओळखता आलं नाही. गॅस्केटबद्दल बोलताना मात्र वाटलेलं दिसत होतं. "आम्हाला ठाऊक होतं," इतकंच म्हणाले, आणि बिलांची फाइल उघडली. पोलादी गॅस्केट, स्टीलच्या नळ्या, पोटाखाली नवे स्टेनलेस पाइप, सगळ्याच्या पावत्या तारखेसह.

मी इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडलं. स्वच्छ. वीस मिनिटं चालवून आणली, हीटर गरम हवा देत होता, काटा मधे. पुढची बाजू किंचित बसलेली वाटली, म्हणजे हायड्रागॅस भरून घ्यावा लागणार. शंभर पौंड कमी करून मागितले, ते हो म्हणाले.

काडेपेटी त्यांनी मलाच दिली. ती आता गाडीत पुढच्या खणात आहे. दर रविवारी सकाळी मी डिकी उघडते, आतली जाळी काढते आणि टाकीतली पातळी रेघेशी लावून बघते. एकदा बोटभर कमी होती. एका होजची क्लिप सैल निघाली, दोन पौंडांचं काम. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी फोटोतली क्लिप मोठी करून बघितली आणि विचारलं, "दुसऱ्या टोकाची पण बघितलीस ना?"

बघितली नव्हती. पुन्हा खाली गेले.