तळटीप १२ : ‘आम्ही तिघे’

फिलिप ओटो रुंगे (१७७७–१८१०) या जर्मन चित्रकाराचे १८०५चे तैलचित्र. तिघे म्हणजे स्वतः रुंगे, त्याच्या खांद्यावर रेललेली पत्नी पाउलिना आणि ओकच्या खोडाशी टेकून उभा असलेला थोरला भाऊ डॅनियल. हा प्रसंग घरातल्या दालनात नव्हे, झाडांच्या सावलीत घडतो, ही बाब महत्त्वाची. रोमँटिक चित्रकारांना निसर्ग पार्श्वभूमीपुरता नको होता. माणसाच्या मनातले त्याने बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. जर्मन परंपरेत ओक म्हणजे अढळपणा, आणि तो आधार इथे डॅनियलकडे आहे. हे अगदी यथार्थ वाटते: धाकट्याच्या चित्रकलेचा खर्च याच व्यापारी भावाने उचलला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचे लेखनही यानेच प्रसिद्ध केले. पती-पत्नीच्या जोडीऐवजी ‘आम्ही’ या शब्दात भावालाही सामावून घेणे, हेच मला या चित्राचे मर्म वाटते.

६ जून १९३१ रोजी म्युनिकच्या ‘ग्लासपालास्ट’ या प्रदर्शनगृहाला आग लागली. तिथे भरलेल्या जर्मन रोमँटिक चित्रांच्या प्रदर्शनातील शंभरांहून अधिक कृती जळाल्या. त्यांत हेही चित्र होते. रुंगेने तीन मूळ रंगांचा संबंध ख्रिस्ती त्रैक्याशी जोडला होता. अशा चित्रकाराचे रंगच नाहीसे व्हावेत, ही हानी मोठी आहे. आज चित्राची रचना कृष्णधवल छायाचित्रांवरून कळते. वाचकांनी प्रस्तुत प्रकरणातील वर्णन त्या छायाचित्रांशेजारी ठेवून वाचावे. – संपा.