खरी वार्ता कोणाची मानावी?
(1896-97 च्या प्लेगच्या इतिहासातील काही पाने)

साथीचा रोग गावात शिरतो तेव्हा त्याच्या पुढे दोन पावले वार्ता चालत असते. रोग दहा घरी जातो, वार्ता शंभर घरी जाते. आणि रोगाने जितकी माणसे मरतात त्यांत खोट्या वार्तेने मेलेल्यांची संख्या किती, हे कोणत्याही खानेसुमारीत नोंदले जात नाही. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घराघरांतून आजोबा-पणजोबांच्या काळच्या प्लेगच्या हकीकती आजही सांगितल्या जातात. कोणी माळावरच्या झोपडीत जन्मल्याचे, कोणी एका आठवड्यात चार माणसे गेल्याचे सांगतात. परंतु त्या दिवसांत लोकांनी कशावर विश्वास ठेवला, कशावर ठेवला नाही आणि त्याची काय किंमत मोजली, ह्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घेण्याचे योजिले आहे.

1896 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, काखेत वा जांघेत गाठ येऊन तीव्र तापाने माणसे दगावू लागली. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि नगरपालिकेचे सभासद. त्यांनी रोगी स्वतः तपासले आणि दिनांक 23 सप्टेंबर रोजी स्थायी समितीपुढे सांगितले की, हा प्लेग आहे. हे ऐकणे कोणासच सोयीचे नव्हते. प्लेग म्हणावे तर परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांस दारे लावणार, व्यापार बसणार, लोक पळणार! म्हणून आरंभी हा शब्द उच्चारण्यास अधिकारीही कचरत व 'गाठीचा ताप' अशा मोघम नावावर वेळ निभावून नेत. ऑक्टोबरमध्ये हाफकिन ह्या शास्त्रज्ञाची मुंबईस नेमणूक झाली, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले आणि व्हिएगसांचे निदान खरे ठरले. परंतु सरकारने शब्द लपविला की लोक त्या शब्दामागे त्याहून भयंकर काहीतरी आहे असे समजू लागतात. मुंबईत नेमके तेच झाले.

त्याच ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले. लागलीच वदंता उठली की, राणीचा कोप झाला असून त्याच्या शमनार्थ इस्पितळांत नेलेल्या माणसांची काळिजे काढून विलायतेस धाडली जातात! दुसरी वदंता अशी की, रोग्यांस उलटे टांगून त्यांच्या अंगातून 'मोमाई' काढतात. आज हसू येते. परंतु ज्या घरातील माणूस शिपाई येऊन उचलून नेत आणि ज्याचे प्रेतही पुष्कळदा परत दृष्टीस पडत नसे, त्या घरास हसू कोठून येणार? दिनांक 29 ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हापासून लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला की रोग घरभर पसरे. 1897 च्या आरंभापर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती आणि जाताना पुष्कळांनी रोगही बरोबर नेला.

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा झाला. त्याने अधिकाऱ्यांस घरे तपासण्याचा, माणसे वेगळी काढण्याचा व प्रवासी अडविण्याचा अमर्याद अधिकार दिला. लोकांस समजावून सांगण्याचे बंधन मात्र त्यात कोणावर नव्हते. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, देवघरे व स्वयंपाकघरेही सोडली नाहीत. लोकमान्य टिळकांनी रोगी वेगळे ठेवण्याच्या तत्त्वास विरोध केला नाही. विरोध केला तो ते तत्त्व अमलात आणण्याच्या रीतीस. जे पुढारी पुणे सोडून गेले त्यांना त्यांनी 'केसरी'तून बोल लावला, स्वतः गावात राहिले आणि हिंदू रोग्यांसाठी निराळे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. ह्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगला बळी पडल्या (10 मार्च 1897). पळून गेलेल्या माणसाच्या उपदेशापेक्षा राहिलेल्या माणसाचे एक वाक्य लोकांस अधिक पटे, हे वेगळे सांगावयास नको.

आता एका कटु प्रसंगाकडे वळतो. प्रो. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत. त्यांत सोजिरांच्या जुलमाच्या कहाण्या असत. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यांतील एकीने जीव दिला, असेही त्यांत होते. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासातील, त्यामुळे गोखल्यांनी ती हकीकत तेथील एका वृत्तपत्रास सांगितली. सरकारने पुरावा मागितला. इकडे 22 जून रोजी रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्याने वातावरण अधिकच तापले होते. जुलैच्या अखेरीस मुंबईस उतरल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला, पण तो मिळेना. पत्र लिहिणारे नाव प्रकट करावयास तयार होईनात. तेव्हा त्यांनी गव्हर्नरांची व सैनिकांची जाहीर क्षमा मागितली. त्यावरून त्यांना स्वकीयांचे बोल वर्षानुवर्षे सोसावे लागले.

ह्या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहावयास हवे. लोकांच्या साऱ्याच तक्रारी खोट्या होत्या असे मुळीच नाही. घरझडतीतील अपमान हजारोंनी प्रत्यक्ष भोगला होता. परंतु जी एक गोष्ट सिद्ध करता आली नाही तिच्या आधारे अधिकाऱ्यांना ज्या सिद्ध करता आल्या असत्या त्याही झटकून टाकता आल्या. न पारखलेली वार्ता खऱ्या गाऱ्हाण्याचाच घात करते. दुसरी बाजू अशी की, चूक कळताच ती जगापुढे मान्य करणारा मनुष्यच पुढे विश्वासास पात्र ठरतो. पुढच्या काळात सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करताना गोखल्यांच्या एकेका आकड्याची सरकारलाही दखल घ्यावी लागे, ह्याचे बीज कदाचित त्या क्षमायाचनेतच असावे.

लशीची कथाही अशीच बोधप्रद आहे. हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचली आणि न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली. एकच इमारत, एकच अन्न, एकच साथ. फरक केवळ टोचण्याचा. लस घेतलेल्यांपैकीही काहींना रोग झाला, परंतु न घेतलेल्यांच्या मानाने पुष्कळच कमी. 'अमक्याने टोचून घेतले तरी तो मेला' ह्या एका गोष्टीस उत्तर म्हणून दुसरी गोष्ट उपयोगी नाही; उत्तर असते ते अशा तुलनेत.

तथापि तुलनेचे आकडे गल्लीबोळांत पोहोचत नाहीत. तेथे वदंता अशी होती की, सुई हातभर लांब असते. टोचताच माणूस मरतो, आणि जगलाच तर त्याचे पुरुषत्व जाते! ती मोडण्यास आकडे पुरेसे पडले नाहीत. माणसे पुढे यावी लागली. खोजा ज्ञातीचे तरुण धर्मगुरू आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांच्या समक्ष दंड पुढे करून लस टोचून घेतली आणि आपला एक प्रशस्त बंगला हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेसाठी दिला. त्या ज्ञातीतील हजारो स्त्रीपुरुष त्यांच्या मागोमाग आले. मुंबईतील इतर अनेक ज्ञातींनीही स्वतःची इस्पितळे उघडली. तेथे वैद्य ओळखीचा, पाणी देणारा आपल्यातील, नातेवाइकांस भेटण्याची मोकळीक. जी माणसे सरकारी इस्पितळाच्या नावाने दाराला कडी घालीत, ती ज्ञातीच्या इस्पितळात आपण होऊन रोगी आणू लागली. औषध बहुधा तेच होते. बदलला होता तो सांगणारा.

ज्ञातिसंस्थांच्या इतिहासातील हे एक उज्ज्वल पान होय. परंतु त्याच पानाची मागची बाजूही वाचली पाहिजे. ज्या ज्ञातीजवळ द्रव्य होते तिचे इस्पितळ झाले. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांना कोण होते? शिवाय ज्या आपलेपणामुळे खरी गोष्ट पटते त्याच आपलेपणामुळे खोटीही पटते. हातभर सुईची वदंता कोणी परक्याने सांगितली नव्हती. ती शेजारच्या काकांनी, सोयऱ्यांनीच सांगितली होती.

शास्त्रही त्या वेळी सर्वज्ञ नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रोगाचे मूळ घाणीत व दमट जमिनीत आहे असे समजून मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकाने धुतली जात होती. 1898 मध्ये कराचीस सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरील पिसू हा रोग पसरविते असे दाखविले. परंतु सरकारी प्लेग कमिशनने ते मानले नाही. मुंबईतील पुढील संशोधनाने ते निर्विवाद ठरण्यास सुमारे दहा वर्षे लागली. इकडे आपल्या खेड्यांतील माणसांनी मात्र 'घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे' हे अनुभवाने ताडले होते, आणि ती माळावर झोपड्या घालून राहत. पिसूचे त्यांना ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. तेव्हा लोकांचे म्हणणे ते सारे अज्ञान आणि साहेबाचे ते सारे ज्ञान, असा हिशेब त्या वेळीही बरोबर नव्हता.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेवर आला व ते निलंबित झाले. पुढे चौकशीच्या कागदांतून दिसून आले की, बाटली उघडते वेळी चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस 1925 पासून त्यांचे नाव आहे. परंतु मधल्या पाच वर्षांत किती जणांनी लस नाकारली आणि त्यांतील किती दगावले, ह्याचा हिशेब कोण देणार? अपघात लपवू नये हे जितके खरे, तितकेच त्याचे कारण त्वरेने शोधून सांगावे हेही खरे. प्लेगने हिंदुस्थानात पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

वाचकांपैकी बहुतेकांनी 2020 सालची साथ पाहिली आहे. तोच 1897 चा कायदा पुन्हा लागू झाला; वदंता ह्या वेळी ओट्यावरून नव्हे तर हातातील दूरध्वनीवरून आली. लशीने वंध्यत्व येते, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट नवे कपडे घालून पुन्हा दारात उभी राहिली. आपल्याही ज्ञातीच्या कुटुंबांत असे निरोप न वाचता पुढे धाडणारे हात काही थोडे नव्हते, हे कबूल करावयास लाजू नये.

ह्या इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले आहे काय? व्हिएगसांनी पाहिले होते. जे सांगितले जाते ते कशाशी ताडून पाहिले आहे काय? भायखळ्यास तसे ताडून पाहिले गेले. आणि चूक झाल्यास ती उघड मान्य करण्याची सांगणाऱ्याची तयारी आहे काय? गोखल्यांची होती. ज्या वार्तेस ह्या तिहींपैकी एकाचेही उत्तर नाही, ती आपल्या दारात थांबवावी, पुढे जाऊ देऊ नये.

आपल्या संस्थेने ह्या कामी थोडे केले तरी पुष्कळ होईल. ज्ञातीतील डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते ह्यांची यादी तयार असावी. साथीच्या काळी त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी पाहिल्यावाचून कोणतीही वैद्यकीय सूचना संस्थेच्या नावाने जाऊ नये. आणि सूचना चुकली तर दुरुस्ती त्याच ठळकपणे जावी. आणखी एक: ती सूचना शेजारच्या, कोणत्याही ज्ञातीच्या, घरीही पोहोचावी. पिसवाने कोणाची ज्ञाती विचारली नव्हती. आपल्या पूर्वजांनी इस्पितळासाठी वर्गणी काढली. आपणांकडून मागणे आहे ते एवढेच की, निरोप पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. इत्यलम्.