पेशीतले हमाल आणि त्यांचा लगाम: कॅन्सरमध्ये मायक्रोआरएनए काय करतं?

करमाड-शेंद्रा पट्ट्यात मालवाहतूक थांबली, तर कारखानेही थांबतात. आपल्या पेशींचंही तसंच आहे. पेशीत माल वाहणाऱ्या प्रथिनांना मोटर प्रोटीन म्हणतात. त्यांचा कॅन्सरशी काय संबंध? समजून घेऊया.

मोटर प्रोटीन म्हणजे काय?

पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं. हेच पेशीतले रूळ. १९८५ मध्ये सापडलेलं कायनेसिन हे मोटर प्रोटीन त्यांवरून ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत माल नेतं. याच कुटुंबातली काही प्रथिनं पेशीचं विभाजन घडवतात. उदाहरणार्थ, केआयएफ-१४ शेवटी एका पेशीच्या दोन पेशी व्हायला मदत करतं.

महाराष्ट्रातही यावर मोठं काम झालं आहे. मोटर प्रोटीनवरील संशोधनासाठी मुंबईचे शास्त्रज्ञ रूप मल्लिक यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मायक्रोआरएनए काय करतं?

प्रथिन बनवण्याचा निरोप जनुकाकडून मेसेंजर आरएनए घेऊन येतो. सुमारे २२ अक्षरांचं मायक्रोआरएनए त्याला चिकटतं आणि प्रथिन कमी बनतं. थोडक्यात, हा लगाम आहे. १९९३ मधल्या या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रवकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

कॅन्सरमध्ये काय बिघडतं?

काही गाठींमध्ये हा लगाम सुटतो. अंडाशयाच्या कॅन्सरवरील संशोधनात काही मायक्रोआरएनए केआयएफ-१४ ला आवर घालतात, असं दिसलं. ती कमी पडली की केआयएफ-१४ वाढतं आणि पेशींची संख्याही.

रुग्णांना याचा काय उपयोग?

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध थेट रुळांवर काम करतं. त्यामुळे विभाजन अडतं. पण मज्जातंतूंनाही तेच रूळ लागतात. म्हणून अनेकांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. रूळ न बिघडवता फक्त विभाजनाची मोटर रोखता येईल का, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

मग औषध आलं का?

अजून नाही. एमआरएक्स-३४ या मायक्रोआरएनए औषधाची चाचणी रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

त्यामुळे ‘मायक्रोआरएनएने कॅन्सर बरा’ अशी पोस्ट दिसली, तर फॉरवर्ड करू नका. केमो सुरू असताना मुंग्या येत असतील, तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येऊ शकतो.