न्हाण आलं म्हणजे मुलगी मोठी झाली का?



मुलीला पहिली पाळी आली की आपल्याकडे काय म्हणतात, ते आधी आठवून बघूया. न्हाण आलं. पदर आला. शहाणी झाली. मोठी झाली. शब्द वेगवेगळे असले तरी ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की मुलीचं बालपण संपलं. काल अंगणात लंगडी खेळणारी पोर आज बाई झाली.

आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी गावोगाव बैठका घेतो, तेव्हा या शब्दांमागचा हिशोब रोज कानावर पडतो. ‘आता पदर आला, शाळा किती दिवस?’ ‘थोराड दिसायला लागली, स्थळ बघा.’ हा हिशोब आजचा नाही, त्याला मोठा इतिहास आहे. तो चुकीचा आहे हे दाखवायला आपल्याच बायकांना किती झगडावं लागलं, ते आज सांगायचं आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांसमोर आणा. मुलीला बापाच्या घरी पाळी आली तर बापाला पाप लागतं, अशी समजूत अनेक समाजांत पक्की होती. म्हणून लग्न आठव्या-नवव्या वर्षीच उरकायचे. मुलगी काही दिवस माहेरी राहायची. न्हाण आलं की तिला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गोडधोड व्हायचं, बायका गाणी म्हणायच्या. वरून पाहिलं तर कौतुकच. पण त्या सोहळ्यामागून गर्भाधानाचा विधी यायचा, म्हणजे मुलीला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. तिचं वय असायचं अकरा, बारा, तेरा. अंगावर डाग दिसला हाच पुरावा. तिला काय वाटतं हे विचारायची पद्धतच नव्हती.

त्या काळातल्या दोन मुलींची गोष्ट ऐका. दोघींच्या वयात काही महिन्यांचंच अंतर होतं.

पहिली आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षाच्या सुमारास बाळंत झाली आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. वेळेवर औषधपाणी मिळालं असतं तर मूल वाचलं असतं, हे तिच्या मनातून गेलं नाही. १८८३ साली ती अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, क्षयाने ती गेली.

दुसरी रखमाबाई. जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं. लग्नानंतर काही महिन्यांतच तिला न्हाण आलं. रीतीप्रमाणे गर्भाधान व्हायला हवं होतं. पण तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः डॉक्टर. एवढ्या कोवळ्या वयात हे होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रखमाबाई माहेरी राहिली, वाचत राहिली. पुढे १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून कोर्टात दावा लावला. ‘ज्या वयात मला काही कळत नव्हतं, त्या वयात लावलेलं लग्न मी मानत नाही,’ अशी रखमाबाईची बाजू होती. १८८५ साली पहिला निकाल तिच्यासारखा लागला. अपिलानंतर १८८७ साली दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, पण जाणार नाही, असं तिने सांगितलं. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. परत येऊन सुरत आणि राजकोट इथे तिने कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. ती १९५५ पर्यंत जगली.

आता प्रश्न असा, की पाळी आली असतानाही डॉ. सखाराम अर्जुन ‘अजून नाही’ का म्हणाले? याचं उत्तर मुलीच्या शरीरात आहे. ते नीट समजून घेऊया.

मुलगी वयात येते ती एका दिवसात नाही, चार-पाच वर्षांत. साधारण आठ ते तेरा या वयात छातीला गाठीसारखा उंचवटा येतो. तो दुखतो, आणि बऱ्याचदा एका बाजूला आधी येतो. मुलगी घाबरते, पण हे नेहमीचंच आहे. मग काखेत आणि जांघेत केस येतात, घामाला वास येतो, तोंडावर पुटकुळ्या येतात. उंची भराभर वाढते. कंबर-मांड्या भरतात. पाळी येण्याच्या काही महिने आधी थोडं पांढरं पाणी जातं, तेही नेहमीचंच. आणि छाती दिसायला लागल्यापासून सुमारे दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते.

म्हणजे पाळी हा वाढीचा शेवट नाही, मधला टप्पा आहे. पाळी आल्यानंतरही उंची दोन-तीन इंच वाढते. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते. कधी एकवीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस दिवसांनी. कारण आतलं काम अजून बसतं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओटीपोटाची हाडं, ज्या वाटेने बाळ बाहेर येतं ती वाट, पाळीनंतरही काही वर्षं रुंद होत राहते. कोवळ्या वयात गर्भ राहिला तर ही वाट अरुंद असते, बाळंतीण अडते. आपल्या आजी-पणजींनी ‘पहिलटकरीण अडली आणि गेली’ अशा किती गोष्टी सांगितल्यात, आठवा. त्यातल्या कितीतरी जणी पोरसवदा असतील.

हे डॉक्टरांना कळत होतं, पण कायद्याला कळायला वेळ लागला. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधासाठी मुलीचं वय ठरवलं होतं फक्त दहा वर्षं, मग ती बायको का असेना. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधानंतर रक्तस्राव होऊन मेली. तिची दहा वर्षं पुरी झालेली होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसेना. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. देश हादरला. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या अशा जखमी मुलींची यादीच सरकारपुढे ठेवली.

१८९१ साली हे वय दहावरून बारा करण्याचा कायदा आला. फक्त दोन वर्षं वाढवायची होती. तरी केवढं रण माजलं! बारा वर्षांच्या आत न्हाण आलं तर गर्भाधानाचा विधी चुकेल, धर्म बुडेल, सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असं विरोधकांचं म्हणणं. पुण्यात लोकमान्य टिळक कायद्याच्या विरोधात होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण भांडारकर बाजूने होते. भांडारकरांनी तर शास्त्रांचेच आधार काढून दाखवले. दोन्हीकडून पोथ्या उघडल्या गेल्या. ज्या मुलींबद्दल हा वाद होता, त्यांना मात्र बोलायला जागा नव्हती.

पुढे १९२८ साली अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्य होत्या. या समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. १९४९ साली ते पंधरा झालं, १९७८ साली अठरा. आणि बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी केलेला संबंधही गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं २०१७ साली. दहावरून अठरावर यायला १५७ वर्षं लागली.

कायद्याबरोबर अजून एक लढाई चालू होती, बोलण्याची. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. शरीराबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते मराठीत सरळ उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड भरला, पण कर्व्यांनी मासिक १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. आज आपण रेडिओवर ‘पाळी’ हा शब्द मोकळेपणी उच्चारतो, त्यामागे हेही आहे.

मग आता सगळं मिटलं का? नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागे जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोर्टात हरलेला तो जुना हिशोब आपल्या ओसरीवर अजून चालू आहे. दुष्काळ, ऊसतोड, हुंडा, मुलीला घरी एकटं ठेवायची भीती, ही कारणं खरी आहेत, आम्ही ती नाकारत नाही. पण त्या कारणांवर ‘आता ती मोठी झालीच आहे’ हे पांघरूण घालू नका. ती मोठी होते आहे, झालेली नाही.

म्हणून घरात मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पाळीच्या आधीच तिला सगळं सांगा. पहिला डाग बघून ‘मला काय झालं’ म्हणत ती रडायला नको. तिला भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं द्या. शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक घेते का, ते बघा. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, पंधरा पुरी होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त गेलं, तास-दोन तासांत पॅड पुरतं भिजायला लागलं, सलग तीन महिने पाळी चुकली, शाळा बुडेल इतकं पोट दुखलं किंवा पांढऱ्या पाण्याला वास आणि खाज असली, तर आशाताईला सांगून दवाखान्यात न्या. बाकीचं बहुतेक सगळं वाढीचंच असतं.

आणि गावात अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरत असेल, तर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना कळवा. १०९८ या नंबरवर फोन केला तरी चालतो, पैसे पडत नाहीत.

मुलीला न्हाण आलं की गोडधोड करा, नवा ड्रेस आणा, आमची काही ना नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर भरून तिला शाळेत पाठवा. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी झालं, ते विचारून या. गटाच्या वहीत एका पानावर लिहून ठेवूया. शेजारच्या पानावर आपल्या लेकींची नावं आणि इयत्ता लिहू.