चांद्रयान-१ खरंच वाया गेलं का?

चांद्रयानाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पहिलं तर मध्येच बंद पडलं होतं!" पडलं, खरंय. २२ ऑक्टोबर २००८ ला निघालेलं यान दोन वर्षं चालायचं होतं. २९ ऑगस्ट २००९ ला संपर्क तुटला. पण हिशेब तिथंच संपत नाही, म्हणून लिहितोय.

यानावर ११ उपकरणं होती. ५ आपली, ६ पाहुणी. त्यातलं एक नासाचं, चंद्रावरच्या खनिजांचा नकाशा काढणारं. पद्धत अशी की चंद्रावरून परतणारा सूर्यप्रकाश बारीक छटांमध्ये वेगळा करायचा. प्रत्येक खनिज ठरावीक छटा शोषून घेतं. कुठली छटा कमी आली, त्यावरून खाली काय आहे ते कळतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ३ मायक्रॉनच्या आसपास छटा गायब झाली, तर ती पाण्याची खूण.

तोवर चंद्र कोरडाच मानला जायचा. अपोलोच्या दगडांत ओलाव्याचा अंश दिसला होता, पण तो पृथ्वीवरच लागला असणार असं म्हणून सोडून दिला गेला. चांद्रयानाच्या नोंदींत ती खूण दिसली तेव्हा कार्ली पीटर्स यांच्या गटाने आधी उपकरणावरच शंका घेतली. मग १९९९ मध्ये चंद्राजवळून गेलेल्या कॅसिनी यानाच्या जुन्या नोंदी तपासल्या. तिथंही तीच खूण! सप्टेंबर २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा यान गप्प होऊन महिनाही झाला नव्हता.

हे पाणी म्हणजे तळी-नद्या नव्हेत, मातीच्या कणांना धरून असलेला अगदी थोडा अंश. पण २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी याच नोंदी पुन्हा चाळल्या आणि ध्रुवांजवळच्या, कधीच ऊन न पडणाऱ्या विवरांत थेट बर्फाच्या खुणा मिळाल्या. यान बंद पडून नऊ वर्षं झाली होती!

सरकारी खर्चाचा हिशेब मागितलाच पाहिजे, माझं कामच ते आहे. पण यान बंद पडलं तरी नोंदी जपल्या गेल्या, अभ्यासकांना खुल्या राहिल्या, म्हणून हे हाती लागलं. आपल्याकडे पाण्याचे, जमिनीचे सर्व्हे होतात आणि अहवाल कपाटात जातात. पुढच्या वेळी गावात सर्व्हेवाले आले, तर एवढं नक्की विचारा: या नोंदी आम्हाला कुठं बघायला मिळतील?