झुलती बाग, गळते छत

यवतमाळात पूर्वी घरावर कुंडी ठेवायची सोयच नव्हती. घरावर कवेलू असत आणि कवेलूंवर माकडे बसत. मृगाआधी कवेलू फेरायचे, माकडांनी फोडलेले बदलायचे, की पावसाशी वर्षाचा करार झाला. तुळस अंगणात असे. तिला घातलेले पाणी जमिनीत जाई. कोणाचे काही बिघडत नसे.

मग सिमेंटचा स्लॅब आला. छत सपाट झाले, अंगण प्लॉटच्या हिशेबात आटले आणि तुळस जिना चढून गच्चीवर गेली. तिच्यामागून मोगरा, शेवंती, कढीपत्ता असे सगळे एकत्र कुटुंब वर राहायला गेले.

ही हौस काही आपल्या वहिनीसाहेबांनी शोधून काढलेली नाही. बाबिलोनच्या झुलत्या बागेचे वर्णन डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने इसवीसनपूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. लोक त्या बागेला फुलांसाठी नावाजतात. मला तिथला गवंडी आवडतो. दगडी तुळयांवर त्याने डांबरात बसवलेला बोरूचा थर दिला, त्यावर भाजक्या विटांचे दोन थर, त्यावर शिशाचे पत्रे आणि मग माती! कशासाठी? तर ओल खाली उतरू नये म्हणून. रॉबर्ट कोल्डवे यांनी १८९९ ते १९१७ बाबिलोन खणले, तरी बागेचा पक्का पुरावा नाही. स्टेफनी डॅली या विदुषी तर म्हणतात, बाग बाबिलोनला नव्हतीच, निनेव्हेला होती. म्हणजे बागेचा पत्ता नाही, पण वॉटरप्रूफिंगचे एस्टिमेट शाबूत!

मुंबईच्या मलबार हिलवरची हँगिंग गार्डन तर चक्क पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे, एकोणिसाव्या शतकापासून. २०२३ साली ती टाकी नव्याने बांधायची गोष्ट निघाली आणि वरची झाडे तुटणार म्हणून मुंबईकरांनी रान उठवले. छताला हात लावायचा तर आधी बाग उचलावी लागते, ही पंचाईत.

आमच्याकडे कठड्याला टेकून, थेट कोब्यावर विटांचा वाफा बांधतात. "काही होत नाही भाऊ," असे मिस्त्री सांगतो. मे महिन्यात स्लॅब तव्यासारखा तापतो, रात्री निवतो. केसासारखी भेग पडते आणि मातीखाली ती दिसत नाही. ओल सळईपर्यंत पोचते. गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून देते. बैठकीत पोपडे पडले की दोष पावसाला! पण डिसेंबरातही छत ओले दिसले, तर ते पाणी आभाळातले नसून झारीतले आहे, हे समजावे. गृहकर्जाच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात. वीस वर्षांचे हप्ते असतात, पण कुंडीचा रकाना एकाही अर्जात नाही.

तेव्हा वाफा नकोच. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, खालून झाडू फिरेल इतक्या उंच. जड कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावर. पाइपाच्या तोंडाशी साचलेली पाने काढावीत आणि मृगाआधी सगळे हलवून खालचा कोबा पाहावा. मोगरा निमूट हलतो. अडते ते तुळशीवृंदावनापाशी. ते सिमेंटने पक्के बसवलेले असते, आणि त्याला हात लावण्याआधी मिस्त्रीसुद्धा चपला काढून आईंच्या तोंडाकडे पाहतो.